पोळी म्हणजे कोणती पोळी? शाळेच्या डबा-नियमांविषयी खुले पत्र

मुख्याध्यापिका बाई, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघातील सर्वांस,

सादर नमस्कार.

माझी धाकटी तुमच्या शाळेत चौथीत आहे. तिचे नाव मुद्दामच लिहीत नाही. आई शाळेला पत्र लिहिते आहे हे कळले तर ती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. वर्गशिक्षिका ओळखतीलच, पण त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांच्या हाती जो कागद दिला तो त्यांनी पाळला. माझे जे काही म्हणणे आहे ते त्या कागदाबद्दल.

तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, फोंड्याच्या आडव्यातिडव्या पावसात, दप्तरातून अर्धा भिजून घरी आला. मथळा 'आरोग्यदायी डबा : पालकांसाठी सूचना'. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली किंवा डोसा, बुधवारी मोडाची उसळ, गुरुवारी फळे, शुक्रवारी मुलांच्या आवडीचे. त्याखाली ठळक अक्षरांत मनाई : पाकिटातले पदार्थ, बेकरीचे पदार्थ, आणि 'अंडी, मासे, मांस व उग्र वासाचे पदार्थ'. शेवटची ओळ, मधल्या सुट्टीआधी डबे तपासले जातील.

पाकिटे बंद केलीत ते उत्तम केलेत. हे तोंडदेखले म्हणत नाही. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. आपल्या शाळेचा त्या मंडळाशी संबंध नाही, तरी तुम्ही व्हरांड्यात तसा फलक लावलात आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीला साखरेची पुडी बांधून टांगलीत. माझ्या मुलीने घरी येऊन आजीच्या चहातली साखर चमच्याने मोजली. आजी हल्ली तिच्यासमोर चहाच पीत नाही. तर नियम नकोत असे सांगायला मी आलेली नाही.

पण पहिल्याच सोमवारी काय झाले ते तुमच्यापर्यंत पोचले का, ठाऊक नाही. मुलीच्या वर्गात सात-आठ डब्यांत पोळी-भाजी होती आणि ती सगळी पोळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, होती. कोंड्यात घोळवलेली, आतून पोकळ, सकाळी सहाला भोंगा वाजवत सायकलवरून येते ती. गोव्यात पोळी म्हटले की बहुतेक घरांत तीच डोळ्यांसमोर येते. लाटून तव्यावर भाजतो तिला आम्ही चपाती म्हणतो. सूचना लिहिणाऱ्यांचे मराठी बहुधा घाटावरचे असावे. पोरांनी कागद वाचून पोळी आणली आणि त्याच कागदातल्या 'बेकरीचे पदार्थ' या ओळीखाली ती बाद झाली. वहीत लाल शेरा आला : 'कृपया सूचना वाचाव्यात.' एका आजोबांनी त्याखाली सही केली आणि लिहिले, 'वाचूनच दिली होती.'

हसू आले, सोडून दिले. पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या माध्यान्ह आहाराचे क्रेट उतरले आणि त्यात काय होते? पाव. पातळ भाजीबरोबर.

हे मला सांगायला कोणी नको, कारण तो पाव आणि ती पातळ भाजी हा माझा धंदा आहे. आमचा बायकांचा स्वयंसाहाय्य गट शेजारच्या गावातल्या शाळेसाठी माध्यान्ह आहार बनवतो. आता योजनेचे नाव पीएम पोषण झाले आहे, आम्ही अजून मिड-डे मीलच म्हणतो. पहाटे चारला वाटाणे कुकरला लागतात. किती मुलांना किती, हे आम्हाला पाठ असते : प्राथमिकच्या मुलामागे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलामागे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. केंद्राचाच निकष आहे. बारा ग्रॅम ऐकायला थोडे वाटते. वाटाणा, चणा, मूग, सोयाबीन फिरवून फिरवून घालतो तेव्हा कुठे हिशेब जमतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. शेजारी कर्नाटकात शाळेतच अंडे देतात, ज्याला नको त्याला केळे. तिथे सरकार जे मुलाच्या ताटात वाढते, ते आपल्या शाळेत आईने डब्यात घातले तर परत येते.

अन्नाचे नियम किती गंभीर असतात हे आमच्या गटाला वेगळे शिकवावे लागत नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह आहार खाऊन २३ मुले गेली. तेलात कीटकनाशक मिसळले होते. वाढण्याआधी मोठ्यांनी, त्यात एका तरी शिक्षकाने, चव घेऊन बघायची हा नियम त्यानंतर कुठे नेटाने पाळला जाऊ लागला. आम्ही भाजी पोचवतो आणि तिथल्या शिक्षिका पहिला घास घेतात. दरवेळी, इतक्या वर्षांनंतरही, तो घास गिळेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. त्यामुळे मुलांच्या पोटात काय जाते याची काळजी तुम्हाला आहे आणि मला नाही, असा अर्थ या पत्रातून कोणी काढू नये.

आता जुलैतल्या त्या बुधवारबद्दल.

जून-जुलैत मासेमारी बंद असते हे तुम्ही जाणताच. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस ट्रॉलर धक्क्याला. बाजारात खाडीचे थोडे नुस्ते, म्हणजे मासळी, येते, त्याचे भाव विचारूच नयेत. अशा दिवसांत गोव्याची घरे मे महिन्यात भरून ठेवलेल्या पुरुमेंतावर चालतात : सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), खारवलेल्या कैऱ्या, आमसुले. सासूबाईंनी त्या दिवशी सुक्या सुंगटांची किसमूर केली होती. सुंगटे भाजून, डोकी-शेपट्या काढून, कांदा, आमसूल आणि नारळ. नारळ मी डब्यासाठी तव्यावर कोरडा भाजून घेते, तो का ते पुढे सांगते. डाळ-शीत, म्हणजे डाळ-भात, कालवून एका कप्प्यात, दुसऱ्यात दोन चमचे किसमूर. दोनच चमचे.

डबा उघडला तेव्हा पुढच्या बाकावरच्या कुणीतरी नाक धरले. मुलेच ती. एकाने धरले की दहा धरतात. बाईंनी तपासणीत पाहिले, झाकण लावायला सांगितले आणि मुलीला माध्यान्ह आहारातला पाव दिला. आवाज चढवला नाही, हे मुलीनेच सांगितले. डबा भरलेला घरी आला. मी विचारले तर म्हणाली, भूक नव्हती. रात्री आजीच्या कुशीत शिरून तिने सगळे सांगितले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, उद्यापासून वास नसलेले दे."

वास नसलेले काय द्यायचे? मी विचार करून चपातीला जॅम लावून दिला. पाकीट नाही, बेकरी नाही, अंडे नाही, वासही नाही. तपासणीत पास झाला. पुढचे दोन आठवडे मी आलटून पालटून तेच दिले, कधी जॅम, कधी साखर-तूप, आणि भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे तारे लागले. साखरेचा फलक आणि ताऱ्यांचा तक्ता एकाच व्हरांड्यात आहेत, बाई. यात माझी चूक आहे, मी नाकारत नाही. मला तेव्हाच शाळेत यायला हवे होते. पण पहाटे चारचे वाटाणे, सातचा डबा, आणि मुलगी खूश दिसत होती.

याच दिवसांत एका मुलाच्या डब्यात आदल्या संध्याकाळचे गोबी मंचुरियन आले आणि सहीसलामत पास झाले. का होणार नाही? शिवराक, म्हणजे शाकाहारी, आहे. पाकिटातले नाही. तुमच्या कागदावर त्याच्या विरोधात एक अक्षर नाही. म्हापसा पालिकेला त्यातल्या कृत्रिम रंगांमुळे २०२४ मध्ये स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी आणावी लागली होती, इतके ते निर्धोक. शाळा सुटताना फाटकासमोर गाडा लागतो तिथलेच ते असावे. २०२० चे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे विनियम सांगतात की जास्त मेद, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत किंवा फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत. त्या नियमाचा रोख विक्रीवर आणि जाहिरातीवर आहे. आईने घरून काय द्यावे याबद्दल तो बोलत नाही. आपल्याकडे गाडा बाहेर सुखाने उभा असतो आणि आतमध्ये आम्ही किसमुरीवर झाकण लावतो.

मी नंतर कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर मिळाले की सकाळी शिजवलेले मासे दुपारपर्यंत बाधू शकतात, मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. नोएडातल्या एका शाळेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांना साधारण हेच कारण लिहून पाठवले होते, बातम्यांत वाचले होते. म्हणून या कारणाकडे जरा नीट बघू, कारण अन्न कधी बिघडते हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका; पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आमचा डबा सातला भरतो आणि साडेदहाला उघडतो. म्हणजे साडेतीन तास. या हिशेबाने वर्गातला एकही डबा पास होत नाही. इडली नाही, उसळ नाही, आणि भात तर नाहीच. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की पुन्हा जागे होतात. गुरुवारी फळे म्हणता, तर सातला कापलेली पपई साडेदहाला काय झालेली असते ते एकदा उघडून बघा.

आणि गोव्यात सगळ्यांत आधी काय आंबते? ओला नारळ. भेंडीवर, चवळीवर, दुधीवर आपण जो पांढरा शुभ्र खोवलेला नारळ घालतो तो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दहा वाजता त्या भाजीला तार सुटलेली मी पाहिली आहे. म्हणून आमचा गट मुलांच्या भाजीत ओला नारळ घालत नाही, आणि म्हणूनच मी डब्यातल्या किसमुरीचा नारळ कोरडा भाजते. आमसुलाचा आंबटपणाही टिकायला मदत करतो. तळलेल्या बांगड्याची तुकडी काही अमृत नव्हे. मासळी मुळात ताजी हवी, आणि बांगड्याबाबत तर जास्तच, कारण तो शिजवण्याआधी उन्हात राहिला तर पुढे कितीही तळा, अंगावर चट्टे उठायचे ते उठतात. पण ओल्या नारळाच्या भेंडीआधी ती तुकडी बिघडत नाही. कुठल्याही आजीला विचारा. तुमच्या कागदात भेंडी चालते, बांगडा नाही.

मासळीच्या बाबतीत आम्ही डोळे झाकून असतो असेही नाही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनची बातमी फुटली, सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस थांबवली, तेव्हा आमच्या घरी पुढे कितीतरी दिवस बाजारचे नुस्ते आले नाही. थोरली तेव्हा लहान होती. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग इतके दिवस डाळ-शीत जेवले आणि रोज जेवताना सरकारचा उद्धार केला.

म्हणून मला असे वाटते की हा नियम आरोग्याचा नाही, वासाचा आहे. तसे असेल तर तसे लिहा. वासाबद्दलही बोलता येते. बंद वर्गात पस्तीस डबे उघडले की वास येणारच, आणि कोणाला तो सोसत नाही हेही खरे असू शकते. पण मग 'उग्र' कोणी ठरवायचे? सोमवारच्या यादीत मुळ्याची भाजी बसते. तिचा वास वर्गाबाहेरून कळतो. लसणीची चटणी, पिकलेला फणस, हिंगाची फोडणी, यांतले काहीच आजवर परत आलेले नाही. तिरफळ घातलेले तूरडाळीचे तोणाक, म्हणजे रस्सा, आले तर तपासणाऱ्याने काय करावे? ते तर देवाच्या नैवेद्यालाही चालते.

तुम्ही म्हणाल, एवढे काय, आठवड्याचे पाच दिवस शिवराक खाल्ले तर काय बिघडते? काही बिघडत नाही. आमच्या घरचे पंचांग मांडून दाखवते. सोमवार शिवराक, तो मंगेशाचा. गुरुवार शिवराक, दत्ताचा. संकष्टी, एकादशी. श्रावण अख्खा, आणि पुढे चवथीचा गणपती पोचवून येईपर्यंत. नवरात्र. घरात कोणाचे व्रत असेल तर ते वेगळे. त्यात जून-जुलैची मासेमारी बंदी. मोजायला बसलात तर वर्षातले नुस्त्याचे दिवस तुम्हाला वाटतात त्याहून कितीतरी कमी निघतील. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून तिला माहीत आहे की सोमवारी सुंगटे मागायची नाहीत. तिने कधी का म्हणून विचारले नाही, कारण आजीही खात नाही, बाबाही खात नाहीत. तिच्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलांच्या घरी उपासकाळातले शुक्रवार असतात, मुसलमान मुलांच्या घरी रमजान असतो. प्रत्येकाच्या घरी तुमच्यासारखा एक कागद आहेच, फ्रिजवर लावलेला नसतो इतकेच. त्या नियमांत तिच्या घरच्या जेवणाला कोणी घाण म्हटलेले नाही.

तिच्या शेजारी बाकावर बसते ती मुलगी मुळातच शिवराक घरातली. किसमुरीच्या प्रकरणानंतर तिच्या आईचा मला फोन आला. मला वाटले तक्रार असणार. ती म्हणाली, "ताई, वासाचे मला काही नाही हो. ही तुमच्या डब्यात हात घालते, त्याची भीती. चुकून खाल्ले तर आमच्या घरी सासूबाईंना कसे सांगायचे?" मी म्हटले, "तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटले असते." मग आम्ही ठरवले की माझ्याकडे नुस्ते असेल त्या दिवशी मी चिठ्ठी घालीन आणि माझी मुलगी डबा कोणाला देणार नाही, चमचाही नाही. बाकीच्या दिवशी त्यांनी खुशाल एकमेकींचे खावे. दोन मिनिटांचा फोन. दोघी मुलींना विचारले तर त्यांनी हे आधीच ठरवून टाकले होते, म्हणे.

यावर तुमच्यापैकी कोणी सुचवेल की मग मासे-अंडी आणणाऱ्या मुलांना वेगळे बसवू. कृपा करून ते करू नका. आहे त्यापेक्षा ते वाईट. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा पोट भरणे हा हेतू होताच, पण त्याने आणखी एक झाले. ज्यांच्या आज्या एकमेकींच्या घरचे पाणी पीत नव्हत्या ती मुले एका पंगतीत बसून जेवू लागली. आमच्या गटात सगळ्या वाड्यांवरच्या बायका आहेत. पहिल्या वर्षी कुजबुज झाली होती, भाजी ढवळते कोण म्हणून. आता कोणी विचारतही नाही. ती पंगत डब्यातल्या तुकडीवरून पुन्हा दोन ओळींत मोडू नये.

कायद्याची भाषा मला नको आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले आहे की माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब आहे, एवढे ठाऊक आहे. उत्तर प्रदेशात अमरोह्याला डब्यात बिर्याणी आणल्याच्या आरोपावरून मुलाला शाळेतून काढले, ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी मुलांना दुसऱ्या शाळेत घालावे लागले. आपले तसे काही नाही. तुम्ही सगळे ओळखीचे आहात, बाजारात भेटता. समितीतल्या एका सदस्यांना मी रविवारी सकाळी मासळी बाजारात इसवणाचा (सुरमईचा) भाव पाडून मागताना पाहिले आहे आणि आम्ही एकमेकांना नमस्कारही केला आहे. घरी इसवण चालते आणि शाळेत त्याचे नावही नको, हे त्यांना त्यांच्या नातवाला कसे समजावता येते, मला खरेच जाणून घ्यायचे आहे. टोमणा नाही.

माझे मागणे थोडेच आहे. पाकिटांवरची बंदी राहू द्या. शीतपेये, चिप्स, नूडल्स, सगळे राहू द्या. त्यात गाड्यावरचे तळलेले घाला आणि तो गाडा पन्नास मीटर लांब न्यायला पंचायतीला पत्र लिहा. सहीला मी येते. 'बेकरीचे पदार्थ' काढून तिथे क्रीमची बिस्किटे, केक, पॅटिस असे नाव घेऊन लिहा, म्हणजे पोदेराची पोळी सुटेल. तिच्यात मैदा असतो म्हणाल तर असतो थोडा, पण पाकिटातल्या 'ब्राऊन ब्रेड'पेक्षा ती मला बरी वाटते. माशात काटा नसावा, असा नियम करा, तो हवाच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या घशात तारल्याचा काटा अडकला तर मधल्या सुट्टीत कोण काढणार? ज्या मुलाला सुंगटांची किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्याच्या वर्गाला तसे कळवा. त्या वर्गात मी सुंगटाची मिशीसुद्धा पाठवणार नाही. ओल्या नारळाबद्दल उन्हाळ्यात एक ओळ लिहा. हे आरोग्याचे नियम झाले. 'उग्र वासाचे' हे दोन शब्द मात्र खोडा, आणि त्याच ओळीतली अंडी आणि मासेही.

तपासणी बंद करा असे मी म्हणणार होते, पण पाकिटे पकडायला ती लागते हे मला कळते. मग ती वर्गासमोर, एकेक झाकण उघडून, शेरा देत नको. तारेही नकोत. तारा आईच्या स्वयंपाकाला मिळतो आणि नसला तर तोंड मुलाचे उतरते. ज्या घरी आई-बाप दोघे सहाच्या कदंब बसने पणजीला जातात, तिथे डब्यात कालची चपाती आणि गूळ असतो. त्या मुलाचा रकाना महिनाभर रिकामा मी पाहिला आहे. त्या गुळ-चपातीत काय वाईट आहे? मला विचाराल तर माझ्या जॅमपेक्षा बरी.

आणि हा विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एकदा तरी येऊ द्या. कागद आला तो थेट सूचना म्हणून आला. चर्चा झाली असती तर पोळीचा घोळ तरी पहिल्याच मिनिटाला सुटला असता. पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटे द्यावीत, ही विनंती मी वेगळ्या अर्जानेही करत आहे. ज्यांना हा नियम हवा आहे त्या पालकांनीही यावे. मला त्यांचे ऐकायचे आहे.

श्रावण आणि चवथ संपली आहे. बाजारात बांगडे आले आहेत, बऱ्यापैकी स्वस्त. येत्या बुधवारी मुलीच्या डब्यात पोदेराची पोळी, कांदा-टोमॅटोची सुकी भाजी आणि रव्यात तळलेल्या बांगड्याची काटे काढलेली एक तुकडी असेल. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या आईला मी मंगळवारी रात्री कळवीन. मुलीला अजून सांगितलेले नाही. डबा परत पाठवायचा असेल तर तिच्या हाती नको, मला फोन करा. मी शेजारच्या गावातच असते, वीस मिनिटांत येऊन घेऊन जाईन.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई
फोंडा तालुका, गोवा